अबोली, राणी, डाळिंबी

गटाराचं पाणी बाटलीत भरण्याआधी हात धुणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भरून झाल्यावर सगळेच धुतात. सर आधी धुवायचे. साबण लावून, कोपरापर्यंत, आणि मग उघड्या चेंबरशी उकिडवे बसायचे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, घाण तर तिकडे आहे."

"माझ्या हाताला सकाळच्या पूजेचं तांबं लागलंय, बाई," ते म्हणाले. "ते त्या पाण्याच्या नावावर कशाला?"

मला वाटलं, माणूस जरा सटकलेला आहे. ते अगदीच चूक नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि शहराच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले होते. सर तिथले मुख्य केमिस्ट. मुख्य म्हणजे एकुलते एक. आमचं घर नाशिक रोडला, वडील नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. आमच्या कॉलनीतल्या मुली बँकेत नाहीतर शाळेत नोकरीला जायच्या. माझी आई विचारणाऱ्यांना सांगायची, "पाणीखात्यात आहे." कुठलं पाणी, हे कुणी पुढे विचारलं नाही की तिला हायसं वाटायचं.

सरांना मात्र त्या पाण्याला घाण म्हटलेलं खपायचं नाही. "घाण आपली," ते म्हणायचे. "पाणी बिचारं वाहून नेतंय." ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला, झाडूवाल्या मावशींना, साहेबांच्या चार वर्षांच्या नातवाला. केंद्रावर एक तांबडं कुत्रं होतं, ते टाकीच्या कठड्यावर झोपायचं. त्यालासुद्धा सर म्हणायचे, "अहो, जरा बाजूला व्हा, पडाल." आणि कुत्रं उठायचं, हे मी स्वतः पाहिलंय.

शर्टाचं गळ्याचं बटण बारा महिने लावलेलं. डब्यात रोज भाकरी आणि एकच भाजी. ती भाजी कुठून आणली, कुठल्या पाण्यावर वाढली, हे विचारल्याशिवाय पत्नीच्या हातची असली तरी खायचे नाहीत. त्यांच्या पत्नी मला एकदा म्हणाल्या, "लग्न झाल्यावर यांनी मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? माहेरची भांडी कसली आहेत." बिचाऱ्यांना वाटलं होतं, नवरा रुखवताची चौकशी करतोय.

सरांचं वेड एकच, धातू. केंद्राचं काम तसं सोपं आहे. घराघरातलं पाणी येतं, टाक्यांमध्ये त्यातले बारीक जीव मळ खाऊन टाकतात, पाणी बऱ्यापैकी निवळून नदीत जातं आणि खाली उरतो तो गाळ. तो वाफ्यांमध्ये पसरून वाळवायचा. काळा, भुसभुशीत, खत म्हणून उत्तम. काठावरचे शेतकरी उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून घेऊन जायचे. बाहेरून पाहुणे आले की आमचे वरिष्ठ हा वाळलेला गाळ ओंजळीत घेऊन दाखवायचे आणि टाळ्या पडायच्या.

सर टाळ्या वाजवायचे नाहीत. "बाकी सगळं कुजतं," ते मला म्हणायचे. "धातू कुजत नाही. तो फक्त बिऱ्हाड बदलतो. पाण्यातून काढला म्हणता? मग गेला कुठे? गाळात गेला. गाळ शेतात गेला. शेतातून पालकात, पालकातून तुमच्या पोटात. आपण शुद्धीकरण करत नाही, बाई. आपण त्याचं सामान हलवून देतो."

धातू मोजायचं मोठं यंत्र आमच्याकडे नव्हतं. सरांनी दरवर्षी मागितलं, दरवर्षी पुढच्या वर्षी मिळणार होतं. म्हणून ते जुन्या पद्धतीने करायचे. लिटरभर सांडपाणी आटवून आटवून वाटीभर करायचं. त्या वासाने मी पहिले दोन महिने दुपारचं जेवले नाही. मग त्यात एक बिनरंगी द्रव घालायचा. पाण्यात निकेल असेल तर ते गुलाबी होतं. थोडं असेल तर फिकट, जास्त असेल तर लाल. हा रंग आकड्यात कसा लिहायचा? सरांनी घरातून पत्नीच्या जुन्या साड्यांचे तुकडे आणले होते. ते काचेखाली ओळीने लावलेले. बाटली त्या तुकड्यांशेजारी धरायची आणि नोंदवहीत लिहायचं : अबोली. राणी. डाळिंबी. अबोली म्हणजे ठीक. राणी म्हणजे काळजी. डाळिंबी आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी नोंदवही उघडली. सोमवार अबोली, मंगळवार अबोली, बुधवार राणी. त्यांनी वर बघून विचारलं, "हे काय, बायकांच्या पाळ्या लावल्यात का इथे?" सर शांतपणे म्हणाले, "नाही, निकेलच्या."

तांब्याचा त्यांना राग नव्हता. गुढीपाडवा, दसरा, दिवाळी, या सणांच्या आदल्या दोन दिवसांत आमच्या पाण्यात तांबं चढायचं. अख्खं शहर चिंच लावून देव आणि घंगाळी घासत बसलेलं असायचं. सर खिडकीत उभे राहून कौतुकाने म्हणायचे, "घासताहेत." हे घरचं आहे, ते म्हणायचे, पिढ्यानपिढ्यांचं आहे, दोन दिवसांत ओसरेल. पण निकेल कुणाच्या देव्हाऱ्यात नसतं. घराच्या पाण्यात निकेल आलं, तर घरात काहीतरी असं चाललंय जे घरात चालायला नको.

कुंभमेळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या नोंदवहीत राणी रंग वाढायला लागला. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून दोनदा.

केंद्रावर काशीराम नावाचा कामगार होता. पेठच्या डोंगरातला, झडपा उघडबंद करण्याचं काम त्याच्याकडे. बायकोमुलांसकट आवारातच राहायचा. वाळवणाच्या वाफ्यांच्या कडेने त्याने पालक आणि मेथी लावली होती. काळ्या गाळावर ती भाजी अशी तरारून यायची, की आम्ही सगळे जुड्या घरी न्यायचो. मी आईला द्यायचे. ती धुऊन धुऊन शिजवायची, पण शिजवायची.

राणी रंग एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा आला त्या दिवशी सरांनी काशीरामचा पालकाचा अख्खा वाफा मुळासकट उपटला. स्वतःच्या हाताने. मग तो जाळून त्याची राख तपासली. काशीराम प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून बघत होता.

"साहेब, भाजी तं लय झ्याक हाय," तो म्हणाला. "पोरं रोज खात्यात. काय झालं नाय कुनाला."

"आज होणार नाही हो," सर म्हणाले. "म्हणून तर कुणी ऐकत नाही."

राखेचं पाणी गुलाबी झालं. सरांनी ते काशीरामला दाखवलं, साडीच्या तुकड्याशी लावून. काशीराम एवढंच म्हणाला, "माझी धाकली लय खाती वो पालक." दुसऱ्या दिवशी सरांनी वाळलेल्या गाळाच्या आवाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. शेतकरी आले, बोंबलले, परत गेले. कचेरीतून फोनावर फोन. सरांचं उत्तर एकच : हे निकेल कुठून येतंय ते सापडेपर्यंत एक घमेलं बाहेर जाणार नाही. कचेरीने त्यांना एक महिना दिला.

मग त्यांनी शोध सुरू केला. पद्धत इतकी साधी होती, की मला आजही तिचं कौतुक वाटतं. गटार म्हणजे उलटं झाड. खोड आमच्याकडे, फांद्या शहरात. जिथे दोन फांद्या मिळतात तिथलं चेंबर उघडायचं, डावीकडच्या पाण्याची एक बाटली, उजवीकडच्याची एक. दोन्ही आटवायच्या. ज्या बाटलीत रंग येईल त्या बाजूने वर चढायचं, पुढच्या जोडापर्यंत. सर सायकलवर, मी माझ्या लुनावर, काशीराम झाकण उचलायची पहार घेऊन माझ्या मागे. रोज एक जोड. आठवडा उलटला तशी मला गंमत वाटायला लागली होती. सकाळी सहाला निघताना मी आईला म्हणायचे, "आज डावं की उजवं?"

दहाव्या दिवशी रंग इंदिरानगरकडे वळला. अकराव्या दिवशी मी गप्प झाले.

माझा दादा इंदिरानगरला राहायचा. रो-हाऊस, मागे छोटी मोकळी जागा, तिच्यावर पत्रा. दादा अंबडच्या एका कंपनीत होता. ती बंद पडल्यावर वर्षभर बसून होता. मग त्याने घरीच काम सुरू केलं. नळाच्या तोट्या, कड्या, बिजागऱ्या आणायच्या, चकचकीत करून परत द्यायच्या. आम्ही त्याला "दादाचं पॉलिश" म्हणायचो. मी केमिस्ट्री शिकलेली बाई, मला ते काय पॉलिश आहे हे कळायला हवं होतं. पण भावाच्या घरी गेल्यावर कोण केमिस्ट असतं? मी वहिनीच्या हातचे पोहे खाऊन यायचे.

त्या रविवारी मी मागच्या दारी गेले. तीन प्लॅस्टिकच्या टाक्या. मधल्या टाकीत निकेलच्या मुलाम्याचं हिरवंगार पाणी, लग्नातल्या सरबतासारखं. दादा तारेला ओवलेल्या तोट्या त्यातून काढून बादलीत विसळत होता. वहिनीने ती बादली उचलली आणि मोरीत रिकामी केली.

"किती वेळा ओतता असं?" मी विचारलं.

"दिवसातून आठ-दहा बादल्या," वहिनी म्हणाली. "आणि टाकी खराब झाली की टाकी. का गं?"

मी सांगितलं. गाळाचं, पालकाचं, काशीरामच्या पोरीचं. दादा हात पुसत ऐकत होता.

"अगं, एवढ्या शहराच्या गटारात माझ्या दहा बादल्यांनी काय होतंय?"

"आम्ही दहा दिवस तुझ्याच दहा बादल्यांच्या मागे फिरतोय, दादा."

तो खाली बसला. बरीच वर्षं मी त्याचा चेहरा तसा पाहिला नव्हता. कंपनीच्या गेटला टाळं लागलं त्या दिवशी तसा होता. "हे बंद झालं तर माझ्याकडे दुसरं काही नाही," तो म्हणाला. "निदान हा माल जाऊ दे. दोन आठवडे. मग बघू काहीतरी."

दोन आठवडे. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा जोड होता. त्याच्या डावीकडे दादाची रो-हाऊसची गल्ली, उजवीकडे बंगल्यांची. सरांना त्या सकाळी कचेरीत बोलावलं होतं. ते म्हणाले, "बाई, आजच्या बाटल्या तुम्ही आणा." मी आणल्या. काशीराम झाकण लावत होता, तेवढ्यात लुनाच्या सीटवर कागद ठेवून मी लेबलं लिहिली. डाव्या बाटलीवर 'उजवी', उजव्या बाटलीवर 'डावी'. अक्षर नेहमीसारखंच आलं, मोत्यासारखं. ते आठवलं की अजून लाज वाटते.

सर दुपारी आले. आटवण्याआधी ते नेहमी बाटलीचा वास घ्यायचे. 'उजवी'चा घेतला, खाली ठेवली. 'डावी'चा घेतला. पुन्हा एकदा घेतला. लेबल वाचलं. मग दोन्ही बाटल्या आटवायला ठेवल्या. संध्याकाळी 'उजवी'ला रंग चढला तो राणीच्याही पुढचा. सरांनी काचेखालचा शेवटचा तुकडा त्याच्याशी लावला आणि नोंदवहीत पहिल्यांदा लिहिलं : डाळिंबी.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. पुढचं मला काशीरामने सांगितलं.

"साहेब घरोघर गेलं, ताई. येका येका बंगल्यात. चपला भायेर काढायचं, हात जोडायचं. म्हनायचं, तुमच्या मोरीतलं पानी बघू द्या, नाराज नका व्हऊ. येका बंगल्यात म्हातारं व्हतं, मोठं सायेब असंल रिटायर. ते लय तापलं. म्हनलं, बायकांच्या न्हानीत डोकावतो का? मानसं जमली. कुनीतरी कॉलर धरली साहेबांची."

"आणि सर?"

"साहेब म्हनलं, बाटलीत हाय, म्हंजे हितंच हाय. तेच म्हनत व्हतं."

तक्रार गेली. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळीसुद्धा आल्या, नाव न घालता. सरांना लेखी ताकीद मिळाली, ती त्यांच्या सेवापुस्तकात चिकटवली गेली. केंद्राबाहेर नमुने घ्यायला बंदी. गाळाच्या आवाराची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली. गाळ पुन्हा ट्रॅक्टरमधून जायला लागला. कचेरीत त्यांना सगळे मागून "मोरीवाले" म्हणायला लागले, आणि हळूहळू समोरूनही. सर पूर्वीसारखेच वेळेवर यायचे, हात धुवायचे, पण आता त्यांना धुतलेल्या हातांनी करायला काही नव्हतं. वाफ्याशी उभे राहून ते भरलेल्या ट्रॅक्टरकडे बघायचे.

दादाचे दोन आठवडे झाले. मग आणखी एक माल आला. मग आणखी एक. मी विचारायचं टाळलं आणि त्याने सांगायचं टाळलं. आम्ही भाऊबहीण आहोत, ते आम्हाला जमतं. सरांशी बोलताना मात्र मला त्यांच्या शर्टाच्या त्या गळ्याच्या बटणाकडे बघवत नव्हतं. कॉलर तिथेच धरली असणार.

तीन महिन्यांनी एका दुपारी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. मी उठले आणि सांगून टाकलं. लेबलं बदलली, मी, मुद्दाम, घर माझ्या भावाचं आहे.

सर भाकरीचा तुकडा मोडत होते. तो त्यांनी डब्यात परत ठेवला.

"त्या उजव्या गल्लीत एक प्रसूतिगृह आहे," ते म्हणाले. "तिथलं फिनेल गटारात येतं. तुमच्या 'डावी' बाटलीला फिनेलचा वास होता."

मला बसायला स्टूल सापडेना.

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"शंका आली होती. दोनदा हुंगलं. पण लेबल तुमच्या अक्षरात होतं. म्हटलं, नाक म्हातारं झालं असेल. बाई चुकायच्या नाहीत."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. समजूत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही मला सरळ का नाही सांगितलंत? मी काय चोर शोधत होतो? मी पाणी शोधत होतो." आणि मग, जणू आम्ही दुसऱ्याच विषयावर बोलत होतो अशा आवाजात, "भाऊ रविवारी घरी असतात का?"

रविवारी ते सायकलवर आले. मागे कॅरियरला चुन्याची पिशवी बांधलेली. दादा दारात उभा होता, मान खाली घालून. सर त्याला म्हणाले, "अहो, एक रिकामा ड्रम आहे का?" चपला काढल्या, मागच्या दारी गेले, हात धुतले. विसळलेलं हिरवं पाणी ड्रममध्ये ओतायला लावलं. चुना कालवून हळूहळू सोडला, आम्लता दाखवणाऱ्या कागदाच्या पट्टीने बघत बघत. "थांबा," ते म्हणाले. आम्ही सगळे ड्रमभोवती उभे. पाण्यात हिरवे ढग जमले, दूध नासावं तसे. तासाभरात ते खाली बसले आणि वर पाणी निवळलं.

"हे वरचं सोडा," सर दादाला म्हणाले. "खालचं सोडायचं नाही. सुकवायचं, डब्यात भरायचं, झाकण लावायचं. मोरीत गेलं की ते लाख बादल्या पाण्यात मिसळतं, मग माझा बाप आला तरी काढू शकत नाही. इथे ते तुमच्या मुठीत आहे."

"आणि डबे भरले की?" वहिनीने विचारलं.

"माझ्याकडे द्या. माझ्या घरी माळा रिकामा आहे."

वहिनीला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. पुढे दर दोन महिन्यांनी सर येऊन डबा घेऊन जायचे. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "सगळ्यांचे नवरे माळ्यावर जुनी ट्रंक ठेवतात. आमच्याकडे निकेल." कुठल्या तरी कारखान्याला ते परत वापरता येतं म्हणून सर पत्रं लिहीत राहिले. शेवटी पुण्याहून एक टेम्पो आला आणि डबे घेऊन गेला, तो त्यांच्या घरातला सण होता. पत्नीने शिरा केला होता.

खालचं मोरीत न सोडण्याचा शब्द दादाने त्या दिवशी दिला, तो पाळला. रोज संध्याकाळी ड्रमशी बसायचा. पुढे त्याला दुसरीकडे काम मिळालं, टाक्या गेल्या, आता तिथे त्याच्या मुलाची मोटरसायकल उभी असते. आमच्या नोंदवहीत महिन्याभरातच रंग उतरला. राणी गेला, अबोली आला. कोरं पाणी कधी आलं नाही, कारण शहरात दादासारखे आणखी दादा असणारच. पण नव्या गाळावर आलेल्या काशीरामच्या मेथीची राख सरांनी पुन्हा तपासली तेव्हा रंग आलाच नाही. सरांनी स्वतः जाऊन सांगितलं, "आता खाऊ द्या धाकटीला." काशीराम म्हणाला, "ती आता खात नाय वो, साहेब. तिला चिप्सं लागत्यात."

हे सगळं झालं, पण कागदावर काहीच झालं नव्हतं. कागदावर सर बंगल्यांच्या मोऱ्यांत डोकावले होते, आणि निकेल नावाचं काही तिथे सापडलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं होतं, "मी लिहून देते. लेबलं मी बदलली, असं." त्यांनी विचार केला आणि मान हलवली. "लिहिलंत तर पहिली नोटीस भावाला जाईल. दुसरी तुम्हाला. पाणी सुधारलंय. माझ्या सेवापुस्तकाने आता काय सुधारायचंय?"

मी आणखी एकदा म्हणाले असते तर कदाचित त्यांनी हो म्हटलं असतं. मी म्हणाले नाही. खरं सांगायचं तर त्यांनी नको म्हटल्यावर माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. मी त्याला त्यांचा मोठेपणा म्हणत राहिले. त्यात माझी सोय होती.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. कचेरीच्या सभागृहात निरोप समारंभ होता. शाल, श्रीफळ, बटाटेवडा. सर पहिल्या रांगेत, नेहमीसारखेच गळ्यापर्यंत बटण लावून, शेजारी पत्नी. मी दुसऱ्या रांगेत. आमचे वरिष्ठ बोलायला उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, सभा हसती ठेवायची एवढीच त्यांची इच्छा होती. ते म्हणाले, "यांच्या निष्ठेबद्दल काय बोलावं? कामाच्या नादात हे लोकांच्या न्हाणीघरापर्यंत पोचले. आता निवृत्तीनंतर वहिनी, आपल्या मोरीची कडी तेवढी घट्ट ठेवा."

सभागृह हसलं. चांगलं खळखळून हसलं. सरांच्या पत्नी मान खाली घालून पदराचं टोक नीट करत राहिल्या. सर हसले, जसं पाहुण्याच्या विनोदाला हसतात तसं. माझ्या शेजारची बाई हसत हसत माझ्याकडे वळली आणि मीही तोंड हसरं केलं.

मागच्या भिंतीशी कामगार उभे होते. तिथून काशीरामचा आवाज आला. त्याला लेबलांचं काही माहीत नव्हतं. दादाचं माहीत नव्हतं. त्या दिवशी तिथे निकेल सापडलं नव्हतं, एवढंच त्याला माहीत होतं.

"मी व्हतो साहेबांच्या संगं," तो म्हणाला. "साहेबांनी काय वंगाळ केलं नाय."

कुणीतरी "बस रे" म्हणालं. वरिष्ठांनी माइकवर फुंकर मारली आणि पुढचा मुद्दा काढला. काशीराम दार लोटून बाहेर गेला. सरांनी मान वळवून त्याला जाताना पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावरून गेली. थांबली नाही.

मला उभं राहून दोनच वाक्यं बोलायची होती. समारंभ अजून पाऊण तास चालला, म्हणजे वेळ भरपूर होता. शेवटी सरांच्या हातात नारळ दिला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जोरात.